बनुबाईचं जागरण

शिराळ्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी आहे. तिथल्या बनुबाईनं आठ वर्षं नवऱ्याच्या श्वासावर पहारा दिला. तिनं ही गोष्ट कुणापासून लपवली नव्हती. विचारणाऱ्याला सांगितली, न विचारणाऱ्यालाही सांगितली. ऐकून घेणारं माणूस मात्र आठ वर्षांनी भेटलं.

बनुबाईचं माहेर सातारा जिल्ह्यात, कोरेगावच्या बाजूला. अठराव्या वर्षी ती नाथाजीची बायको होऊन या वाडीत आली, तेव्हा नाथाजी फौजेत ड्रायव्हर होता. अंगावरची हळद फिटायच्या आत त्याची सुट्टी संपली. पुढची अठरा वर्षं तो वर्षातून दोन महिने घरी यायचा, आणि बाकीचे दहा महिने बनुबाई सासऱ्याच्या हाताखाली दीड एकर ऊस, दोन म्हशी आणि एकुलती एक लेक शिवांजली सांभाळायची. २००४ साली नाथाजी हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि काळी ट्रंक घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा तिला वाटलं, आपला संसार आता कुठं सुरू होतोय.

त्या भागात फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात, हुद्दा कुठलाही असो. नाथाजीही मेजर झाला. झुपकेदार मिशा, इस्त्रीचा शर्ट, पायात पॉलिशचे बूट. फौजेत दारू हक्कानं मिळत असून त्यानं कधी थेंबाला स्पर्श केला नव्हता. आपल्या वाट्याची बाटली तो दुसऱ्याला देऊन टाकायचा. दोन वर्षं घरी बसून कंटाळल्यावर त्यानं शिराळ्याच्या एका शाळेची जीप चालवायला घेतली. वाड्यावस्त्यांवरची दहा-बारा पोरं सकाळी न्यायची, संध्याकाळी ज्याच्या त्याच्या दारात सोडायची. तेरा वर्षं त्यानं हे काम घड्याळाच्या काट्यावर केलं.

फौजेची दौड सुटल्यावर त्याचं अंग भरलं. मान जाड झाली, गळ्याचं बटण लागेना, आणि घोरणं वाढलं. मेजर घोरायला लागले की ओढ्यापलीकडची कुत्री भुंकतात, अशी चेष्टा व्हायची. बनुबाईही हसायची. शिवांजलीचं लग्न होऊन ती फलटणला गेली, त्या वर्षी, म्हणजे २०१४ च्या थंडीत, घर रिकामं झाल्यावर तिनं ते घोरणं पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकलं आणि तिचं हसू गेलं. घोरता घोरता आवाज एकदम बंद पडायचा. पोट हलायचं, छाती धडपडायची, पण नाकातोंडातून वारा नाही. बनुबाई मनात आकडे म्हणायची. वीस व्हायचे, तीस व्हायचे, एखाद्या वेळी चाळीस. मग पाण्यात बुडालेला माणूस वर यावा तसा तो मोठ्यानं श्वास ओढायचा, सगळं अंग झटकायचा आणि पुन्हा घोरायला लागायचा. सकाळी त्याला यातलं काही आठवत नसे.

तेव्हापासून ती त्याच्या बरगडीवर हात ठेवून पडू लागली. हात हलायचा थांबला की ढोसायचं, कुशीवर वळवायचं, पुन्हा हात ठेवायचा. पहाटे उठून धारा, मग शेत, मग स्वयंपाक. दुपारी बांधावर टेकलं की डोळा लागायचा तेवढीच तिची झोप. नाथाजीचंही फार वेगळं नव्हतं. रात्रभर आडवा असूनही तो सकाळी जड डोक्यानं उठायचा, आणि ताटावर बसल्या बसल्या हातातल्या घासासकट पेंगायचा.

त्याच सुमारास त्याचं ब्लडप्रेशर वाढलं. एकाच्या दोन गोळ्या झाल्या, दोनाच्या चार झाल्या, तरी आकडा खाली येईना. २०१७ साली डॉक्टरांनी सांगितलं, मूत्रपिंडं थकत चाललीत, लघवीतून प्रथिनं जातायत, मीठ सोडा. बनुबाई प्रत्येक खेपेला सोबत असायची आणि प्रत्येक खेपेला सांगायची की रात्री यांचा श्वास मधेच थांबतो. एका डॉक्टरनं सांगितलं, घोरणं म्हणजे गाढ झोप, काळजी करू नका. दुसऱ्यानं तिलाच झोपेची गोळी लिहून दिली. तिनं ती घेतली नाही. आपण झोपलो तर यांना हलवायचं कोणी, हा तिचा साधा हिशेब होता.

२०१९ च्या डिसेंबरात, सकाळी साडेआठला, उजेड लख्ख असताना आणि रस्ता सरळ असताना, नाथाजीची जीप रस्ता सोडून उसात शिरली. आत अकरा पोरं होती. ऊस दाट होता म्हणून गाडी उलटली नाही. बाकीच्यांना खरचटलं, सृष्टी नावाची सात वर्षांची एक मुलगी पुढच्या बाकावर आपटली आणि तिच्या कपाळाला पाच टाके पडले. माणसं धावत आली तेव्हा नाथाजी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोरच्या उसाकडं बघत बसला होता. काय झालं, कसं झालं, असं जो तो विचारत होता, आणि तो प्रत्येकाला एकच सांगत होता, की मला काय बी कळलं न्हाई.

त्या एका वाक्यानं त्याचा घात केला. सृष्टीची आजी मनुबाई नातीचं कपाळ पदरानं दाबून धरत सगळ्यांसमोर म्हणाली, "सकाळी सकाळी ढोसून आमची पोरं मसणात घालतोस व्हय रं?" कुणी त्याचं तोंड हुंगून पाहिलं नाही, कुणी तपासणी केली नाही. पण गोष्ट पटण्यासारखी होती. फौजी माणूस, डोळे तांबारलेले, चेहरा सुजलेला, दिवसाढवळ्या पेंगणारा. संध्याकाळपर्यंत वाडीत आणि दुसऱ्या दिवशी शाळेत तेच खरं झालं. नाथाजीनं जीपची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली आणि घरी येऊन बसला. चार माणसांत जाणं त्यानं सोडलं. लग्नाचं आमंत्रण आलं तर बनुबाई एकटी जायची.

बनुबाईनं त्याला एकदाही विचारलं नाही. तिला विचारायची गरज नव्हती. पण तो मात्र मधेच तिच्याकडं बघायचा, जणू ती कधी विचारते याची वाट बघतोय.

पुढची दोन वर्षं वाईटच गेली. २०२१ च्या उन्हाळ्यात नाथाजीचा धाकटा भाऊ हरिबा कोरोनानं इस्लामपुरात दवाखान्यात वारला. शेवटचे चार दिवस त्याच्या तोंडावर जोरानं हवा सोडणारा मास्क पट्ट्यांनी आवळलेला होता. नाथाजीनं त्याला काचेतून बघितलं. हरिबा मास्क ओढून काढायला बघत होता आणि त्याचे हात बांधलेले होते. त्याच वर्षी दिवाळीनंतर नाथाजीच्या मूत्रपिंडांनी हात टेकले. सुई टोचायला म्हणून डाव्या हाताची शीर जोडून घेतली आणि आठवड्यातून तीनदा सांगलीला डायलिसिस सुरू झालं. सकाळच्या एसटीनं इस्लामपूर, तिथं गाडी बदलून सांगली, चार तास रक्त मशीनमधून फिरवायचं आणि दिवस मावळता घरी. बनुबाईच्या पिशवीत दोन भाकरी, बिनमिठाची भाजी आणि मापून घेतलेलं पाणी असायचं. दिवसाचं पाणी ठरलेलं होतं. त्यापेक्षा घोटभर जास्त झालं तरी दोन दिवसांनी पायावर सूज दिसायची.

सांगलीच्या त्या केंद्रात क्षमा नावाची टेक्निशियन होती. वाईची मुलगी, लग्न होऊन सांगलीत आलेली, बोलायला मोजकी. आठ खाटांवर आठ माणसं, आणि ती एकेकाच्या मशीनकडं आणि एकेकाच्या चेहऱ्याकडं आलटून पालटून बघत फिरायची. डायलिसिसला पडलेली माणसं झोपतातच, त्यात कुणाला काही नवल वाटत नाही. बनुबाई त्या वेळी बाहेरच्या बाकावर बसलेली असायची. रात्रीचा पहारा तिचा, दिवसा बघणारी माणसं आहेत, अशी तिनं मनाची समजूत घातली होती.

२०२२ च्या मार्चमधल्या एका दुपारी क्षमा बाहेर आली आणि बनुबाईला आत घेऊन गेली. नाथाजी उताणा झोपला होता. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावलेला होता आणि त्याच्या पडद्यावरचा आकडा उतरत चालला होता. क्षमा भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती. आकडा ऐंशीच्या खाली आला, मशीननं आवाज दिला, आणि नाथाजीनं हिसका देऊन श्वास घेतला.

"मावशी, अडतीस सेकंद," क्षमा म्हणाली. "आज हे सातव्यांदा झालं. घरी पण असं होतं का?"

बनुबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती तिथंच, खाटेच्या दांडीला धरून, उभ्या उभ्या रडली. क्षमानं तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. मग बनुबाईनं सगळं सांगितलं. कधीपासून, किती वेळ, कसं ढोसते, कुणाकुणाला सांगून झालं. क्षमानं ते सगळं कागदावर लिहून घेतलं. आपण बोलतोय ते कुणीतरी लिहून घेतंय, हे बनुबाईच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

तो कागद मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडं गेला. सुमंत डॉक्टर वयानं तरुण असले तरी घाईचे नव्हते. त्यांनी नाथाजीला तोंड उघडायला लावून घसा बघितला, मानेला टेप लावून माप घेतलं, आणि झोपेची तपासणी करायला पाठवलं. एक रात्र अंगावर वायरी चिकटवून सांगलीतच झोपायचं होतं. चार दिवसांनी अहवाल आला. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की झोपेत श्वास तासाला बावन्न वेळा अडतोय.

"तासाला?" बनुबाईनं विचारलं. "मला वाटलं, अख्ख्या रातीत."

ती बराच वेळ स्वतःच्या हाताकडं बघत राहिली. आठ वर्षं तिला वाटत होतं की ती जागी आहे म्हणून नवरा वाचतोय. आता कळलं की तिच्या हाताखालून कितीतरी श्वास निसटून गेले होते.

डॉक्टरांनी सगळं उलगडून सांगितलं. झोपेत घशाची वाट मिटते, हवा आत जात नाही, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मग शरीर घाबरून माणसाला अर्धवट जागं करतं. दर वेळी ब्लडप्रेशर उसळतं, काळजाला धक्का बसतो. ज्यांची मूत्रपिंडं खराब आहेत त्यांच्यात हा आजार पुष्कळ दिसतो, कारण अंगात पाणी साठतं. दिवसभर ते पायांत असतं. माणूस आडवा झाला की मानेकडं सरकतं आणि घसा आतून फुगतो. शिवाय रक्तातला बिघाड वाढला की मेंदूही श्वासाचा हुकूम द्यायला चुकतो. त्यावर उपाय म्हणजे रात्री नाकावर मास्क लावायचा. एक छोटं यंत्र नळीतून हवेचा दाब देत राहतं आणि घशाची वाट उघडी ठेवतं. जोडीला डायलिसिसमध्ये पाणी आणखी थोडं काढू, वजन दीड-दोन किलोनं उतरवू. मीठ बंद ते बंदच. कुशीवर झोपायचं. झोपेची गोळी कधीही घ्यायची नाही.

"यानं मूत्रपिंडं परत येतील असं मी सांगणार नाही," डॉक्टर म्हणाले. "ती येणार नाहीत. पण हृदय सांभाळलं जाईल, ब्लडप्रेशर आटोक्यात येईल, दिवस जागेपणी जाईल. आणि मावशींना झोप मिळेल."

उठताना नाथाजीनं विचारलं, "साहेब, ह्यो आजार असंल तर माणूस गाडी चालवताना बी झोपतो का? बसल्या बसल्या?"

"हो. डोळे उघडे ठेवूनसुद्धा काही सेकंद जातात. त्याचं त्याला कळत नाही."

परतीच्या वाटेवर आष्टा गेलं, इस्लामपूर आलं. इस्लामपूरच्या स्टँडवर शिराळ्याची गाडी लागायची होती. बाकावर बसून, समोरच्या फलाटाकडं बघत नाथाजी म्हणाला, "मला बी शंका आली हुती गं. सगळी म्हणत्यात तर खरंच आपुन काय घेतलं हुतं का काय. दोन वरसं झाली, रोज ती सकाळ आठवतोय. घरात च्या घेतला, गाडी पुसली, पोरं घेतली. म्होरं काय न्हाईच."

बनुबाईनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. भर स्टँडवर तिनं असं कधी केलं नव्हतं.

माजी सैनिकांच्या योजनेतून महिन्याभरात यंत्र मिळालं. एका काळ्या पिशवीत जेवणाच्या डब्याएवढं यंत्र, एक लांब नळी आणि पट्ट्यांचा मास्क. क्षमानं बनुबाईला पट्ट्या कशा ओढायच्या, पाणी कुठं घालायचं, बटण कुठलं, ते दोनदा करून दाखवलं. नाथाजी ते बघत होता, पण त्यानं यंत्राला हात लावला नाही. घरी आल्यावर पिशवी कपाटावर गेली आणि तीन आठवडे तिथंच राहिली. बनुबाईनं विषय काढला की तो उठून गोठ्यात जायचा. शिवांजलीनं फलटणहून फोनवर समजावलं, तिच्याशीही तो हो-हो म्हणाला. शेवटी एकदा त्यानं बनुबाईला सरळ सांगितलं, की हरिबाला असाच लावला होता. तो जिवंत माणसाच्या तोंडावर लावायचा नसतो, लावलेलं माणूस घरी येत नाही. मला मरायचं असेल तर मी तसाच मरेन, हात बांधून नाही.

बनुबाईनं वाद घातला नाही. त्याचं भय तिला कळत होतं. हरिबा तिचाही दीर होता, तिनं त्याला लहानाचा मोठा झालेला पाहिला होता. पण रात्रभर बावन्न हा आकडा तिच्या डोक्यातून जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी डायलिसिस नव्हतं. जेवणं झाली. बनुबाईनं कपाटावरची पिशवी काढली, माजघरातल्या खाटेजवळ स्टुलावर यंत्र मांडलं, पाणी घातलं. नाथाजी उंबऱ्यात बसून बघत होता. त्याला वाटलं आता ही मास्क घेऊन आपल्याकडं येणार. बनुबाईनं अंबाडा सोडला, मास्क स्वतःच्या नाकावर धरला, क्षमानं दाखवल्याप्रमाणं पट्ट्या डोक्यामागं ओढल्या, बटण दाबलं आणि खाटेवर आडवी झाली.

"आगं, काय करतीयास?" तो उठून आत आला.

तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले, मोकळे, त्याला दिसतील असे. हवा नाकात शिरली तेव्हा तिलाही दचकायला झालं. वाऱ्याकडं तोंड करून गाडीत बसल्यासारखं वाटलं. मग दोन-चार श्वासांनी ते अंगवळणी पडलं. तिचा बेत एवढाच होता, की पंधरा-वीस मिनिटं पडून राहायचं आणि उठून त्याला म्हणायचं, बघा, मी जिती हाय. पण आठ वर्षांची झोप अंगात साठलेली होती. यंत्राचा एकसुरी आवाज, दुपारची वेळ आणि पाठीखाली खाट. तिला कळायच्या आत ती झोपली.

नाथाजी आधी दोन मिनिटं उभा राहिला. मग स्टूल ओढून बसला. पहिल्यांदा त्याला भीती वाटली. मास्कखालचा तो चेहरा हरिबाचा वाटत होता. पण हरिबाचा चेहरा काळवंडला होता, आणि हिच्या गालावर रंग होता. छाती सावकाश वर जात होती, खाली येत होती. तो मोजू लागला. एकदाही चुकली नाही. मोजता मोजता त्याचं लक्ष तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या खड्ड्यांकडं गेलं, आणि मग तिच्या उजव्या हाताकडं. झोपेतही तो हात पोटावरून सरकून शेजारच्या रिकाम्या जागेवर गेला होता. बोटं पसरून, काहीतरी दाबून धरल्यासारखा.

म्हशी ओरडल्या तेव्हा तो हळूच उठला. जोड घातलेल्या डाव्या हातानं जड उचलायचं नव्हतं, म्हणून एका हातानं जमेल तशी वैरण टाकली आणि पुन्हा येऊन बसला.

बनुबाईला जाग आली तेव्हा साडेचार वाजले होते. ती धडपडून उठली, मास्क ओढला, आणि आधी म्हशींचं विचारलं.

"घातली वैरण. नीज तू," नाथाजी म्हणाला. मग म्हणाला, "रातचं जागून माझ्याकडं अशी कवापासनं बघतीयास?"

"शिवाच्या लग्नाच्या वरसापासनं."

त्यानं मास्क हातात घेतला, आतला तिच्या श्वासाचा ओलावा सदऱ्याच्या टोकानं पुसला, आणि पट्ट्या कशा लावायच्या ते तिला विचारलं.

हे सगळं एका दिवसात सुरळीत झालं असं नाही. पहिल्या रात्री त्यानं मास्क तासाभरात काढला, दुसऱ्या रात्री दोन तासांनी. नाक कोरडं पडायचं, पट्ट्यांचे वळ उठायचे. त्यातून मिशांच्या झुपक्यातून हवा निसटायची आणि यंत्र शिट्टी मारायचं. क्षमा जपून म्हणाली की काका, मिशा जरा बारीक केल्या तर मास्क नीट बसेल. त्यानं आठवडाभर विचार केला आणि मग न्हाव्याकडं जाऊन मिशा साफ काढून टाकल्या. वाडीत मिशी उतरलेली बघून दोघा-तिघांनी दबक्या आवाजात विचारलं, कोण गेलं? नाथाजी म्हणाला, कोण न्हाई गेलं.

सुमंत डॉक्टरांनी ठरल्याप्रमाणं वजन थोडं थोडं उतरवलं. पायांत गोळे यायचे, तेव्हा दोन दिवस थांबून पुन्हा. दीड महिन्यानंतर एका सकाळी बनुबाई जागी झाली तर शेजारची जागा रिकामी. ती घाबरून बाहेर आली. नाथाजी अंगणात तोंड धूत होता. ताटावर पेंगणं थांबलं. पावसाळा संपेपर्यंत ब्लडप्रेशरच्या चारातल्या दोन गोळ्या कमी झाल्या. डायलिसिसला तो आता खाटेवर टेकून पेपर वाचायचा आणि शेजारच्या खाटेवरच्यांना बातम्या सांगायचा. बनुबाईची झोप मात्र लगेच परतली नाही. यंत्र चालू असतानाही तिचा हात आपोआप त्याच्या बरगडीवर जायचा. तो हात सुटायला पुढची संक्रांत उजाडली.

त्या थंडीतच एकदा बनुबाई झोपेच्या तपासणीचा अहवाल पिशवीत घालून मनुबाईच्या घरी गेली. नाथाजीला तिनं सांगितलं नव्हतं. मनुबाई शेंगा फोडत बसली होती. बनुबाईनं कागद समोर ठेवला, त्यात काय लिहिलंय ते डॉक्टरांनी सांगितलं तसं सांगितलं, आणि म्हणाली, "त्यांनी कवाच घेतली न्हाई. आजारानं झोप लागली. तुमच्या नातीला लागलं, त्ये त्यांच्या काळजात हाय. पर पेलेलं नव्हतं."

मनुबाईनं शेंगा फोडायचं थांबवलं नाही. थोड्या वेळानं तिनं सुनेला चहा टाकायला सांगितलं. चहा झाला, उसाच्या तोडीचं बोलणं झालं. चुकलं असं मनुबाई म्हणाली नाही, आणि तिला पटलं की नाही तेही बनुबाईला कळलं नाही. वाडीत काही माणसांनी ऐकलं, काहींनी ऐकून सोडून दिलं. अजूनही कुणी कुणी तो प्यायला होता असंच म्हणतं. नाथाजीला डॉक्टरांनी पुढं गाडी चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं, पण दुसऱ्याची पोरं बसवून आपण गाडी चालवणार नाही, असं त्यानं ठरवलं आणि ते पाळलं. लग्नांना मात्र तो पुन्हा जाऊ लागला, बिनमिशांचा, ताठ.

केंद्रातही एक फरक पडला. बाहेरच्या बाकावर नव्या माणसाची बायको, आई, बहीण येऊन बसली की बनुबाई तिला विचारायची, झोपेत श्वास थांबतोय का? बायका आधी लाजायच्या, नवऱ्याचं घोरणं परक्या बाईला काय सांगायचं म्हणून. मग सांगायच्या. दोन वर्षांत तिच्या विचारण्यातून चौघांची तपासणी झाली आणि तिघांना मास्क लागला. चौथ्याचं पाणी जास्त काढल्यावर नुसत्या त्यानंच भागलं. पुढं क्षमानं नव्या रुग्णाच्या कागदावर हाच प्रश्न हातानं लिहायला सुरुवात केली, आणि सुमंत डॉक्टरांनी तो छापून घेतला.

नाथाजी २०२५ च्या फेब्रुवारीत गेला. डायलिसिसचा दिवस होता. सांगलीच्या बसमधून उतरताना त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात सगळं संपलं. मूत्रपिंडाच्या आजारात काळीज असंच अचानक दगा देतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं होतं, आणि आता पुन्हा सांगितलं की मास्क लागला नसता तर कदाचित ही तीन वर्षंही मिळाली नसती. कदाचित, असंच ते म्हणाले. जाताना तो शुद्धीवर होता. म्हशीला रेडकू होईल ते ठेव, विकू नको, असं तो बनुबाईला म्हणाला.

तेरावं झाल्यावर शिवांजली आईला फलटणला न्यायला निघाली होती. बनुबाई म्हणाली, आधी सांगलीला जाऊ. यंत्र योजनेचं होतं, ते परत करायचं होतं. तिनं नळी गरम पाण्यानं धुतली, वाळवली, मास्कच्या पट्ट्या गुंडाळून पिशवीत ठेवल्या. कार्यालयात कागदावर सही केली आणि ती लेकीला म्हणाली, जरा वर जाऊन येते.

आठही खाटा भरलेल्या होत्या. नाथाजीच्या खाटेवर तासगावकडचा एक शेतकरी होता, चाळिशीचा, डायलिसिसचा तिसराच दिवस. क्षमानं बनुबाईला पाहिलं, हातमोजे काढले आणि तिला घट्ट धरलं. मग बनुबाई बाहेर आली. बाकावर त्या माणसाची बायको बसली होती, मांडीवर भाकरीचं फडकं, डोळे भिंतीवर. छापलेला प्रश्न तिला विचारून झाला होता आणि तिनं न्हाई असं सांगितलं होतं.

बनुबाई तिच्या शेजारी बसली. कुठलं गाव, किती पोरं, शेत किती, असं आधी विचारलं. खाली रिक्षात शिवांजली वाट बघत होती. बऱ्याच वेळानं, बोलण्याच्या ओघात, बनुबाईनं विचारलं, "रातचं झोप लागती का तुला?"

त्या बाईनं मान हलवली. न्हाई लागत, ती म्हणाली, आणि हळूहळू सांगू लागली.